चर्चा: छंदापायी लिहिणाऱ्यांना शोधून वाचावं का?

कृष्णाकाठ, सांगली

मंडळी, एक मुद्दा मांडतो. पटला नाही तर मोकळेपणाने खोडून काढा.

आपल्या सांगली-साताऱ्याकडे हौसेपोटी लिहिणारी माणसं भरपूर आहेत. कुणी रोजच्या पावसाची नोंद ठेवतो, कुणी आजीच्या जात्यावरच्या ओव्या उतरवून घेतो, कुणी जुन्या नाटकांची हँडबिलं जमवून त्यांवर चार ओळी लिहितो, तर कुणी नुसतेच स्वतःला पडलेले प्रश्न मांडतो. हे सगळं वहीत, नाहीतर एखाद्या दिवाळी अंकाच्या मागच्या पानांत किंवा शाळेच्या स्मरणिकेत पडून राहतं. नावाजलेल्या लेखकांची पुस्तकं आपण मागवून वाचतो, तेवढ्याच आस्थेने हे लिखाणही शोधून वाचलं पाहिजे, असं माझं म्हणणं आहे.

हरिपूरची हळदीची पेवं, म्हणजे हळद साठवायची जमिनीखालची कोठारं, घ्या. हळदीच्या बाजारपेठेवर, सांगलीच्या हळदीला २०१८ साली मिळालेल्या भौगोलिक मानांकनावर हवं तेवढं छापून आलंय. पण पेव फोडल्यावर लगेच आत उतरायचं नाही, तोंड उघडं ठेवून आतली कोंदलेली हवा जाऊ द्यायची, मग दोरीने कंदील सोडायचा आणि तो तेवत राहिला तरच माणूस उतरवायचा, हे मला एका हमालाच्या मुलाने लिहिलेल्या चार पानांत वाचायला मिळालं. आत प्राणवायू उरत नसल्यामुळे हळदीला कीड लागत नाही, आणि त्याच कारणाने तिथे माणूस गुदमरतो, हेही त्याने तिथेच लिहिलंय. २००५ आणि २०१९ च्या पुरांनी बरीच पेवं निकामी झाली. त्यांत उतरलेली माणसं आता म्हातारी झाली आहेत. ही चार पानं नसती तर हे कुठून कळलं असतं?

इतिहासाचा मास्तर, विटा

विरोध नोंदवतो, आणि जोरात नोंदवतो.

हौसेच्या लिखाणाने आमच्या विषयाचं काय केलंय ते वर्गात उभं राहिल्यावर कळतं. साताऱ्याजवळच्या लिंब गावची बारा मोटांची विहीर पाहा. विहिरीवर शिलालेख आहे. बांधकाम शके १६४१ ते १६४६, म्हणजे १७१९ ते १७२४, शाहू महाराजांच्या काळातलं, वीरूबाई भोसल्यांनी करवून घेतलेलं. एवढं दगडावर कोरलेलं असताना हौशी लेखक काय लिहितो? वरच्या महालात गुप्त खलबतं चालायची. कोणत्या कागदावरून, हे कुणी सांगत नाही. पहिल्याने लिहिलं, दुसऱ्याने उतरवलं, तिसऱ्याने त्यात भुयार घातलं. पोरं निबंधात तेच लिहितात आणि मी खोडलं की पालक म्हणतात, छापून आलंय की सर.

वाईला मराठी विश्वकोशाचं काम तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या देखरेखीखाली उभं राहिलं. नोंद जाणकाराने लिहायची, दुसऱ्याने तपासायची, मग छापायची. वाचायला वेळ थोडा असेल तर तो असल्या तपासलेल्या मजकुराला द्यावा.

माहुलीकर

सर, वीरूबाईंचा शिलालेख तुम्ही सांगितलात ते बरं झालं. पण एक विचारतो. मिरजेचे वासुदेवशास्त्री खरे कोण होते? शाळेत संस्कृत शिकवणारे शिक्षक. पटवर्धन सरदारांच्या दप्तरांतली पत्रं वाचायचं वेड त्यांना लागलं आणि त्यातून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ उभा राहिला. आमच्या साताऱ्यात द. ब. पारसनीसांनी कागद, चित्रं, जे मिळेल ते जमवलं. दोघांनाही हे काम कुणी नेमून दिलेलं नव्हतं. छंद म्हणून हिणवलं असतं तर मराठ्यांच्या इतिहासाची निम्मी साधनं वाण्याच्या पुड्यांत गेली असती.

इतिहासाचा मास्तर, विटा

माहुलीकर, खरेशास्त्र्यांचं नाव घेतलंत, मग त्यांनी नेमकं काय केलं तेही बघा. त्यांनी मूळ पत्रं छापली. ‘असं म्हणतात’ लिहून मोकळे झाले नाहीत. मला हौसेचं वावडं नाही. ज्याच्या मागे कागद नाही, साक्षीदार नाही, त्या मजकुराला ज्ञान म्हणायला माझा विरोध आहे. कृष्णाकाठ यांच्या त्या चार पानांत तरी पेवाची माहिती कुणी सांगितली, कधी सांगितली, याची नोंद आहे का?

सोनकी, कास परिसर

आमचा विरोध वेगळ्या कारणाने. लिहिलेलं खरं असतं, तीच अडचण आहे.

कासच्या पठारावर जांभ्या दगडावर बोटभर माती. त्यात साडेआठशेच्या आसपास फुलझाडांच्या जाती. २०१२ ला जागतिक वारसा यादीत नाव आलं आणि लोकांची रीघ लागली, ते एक वेळ समजू शकतं. पण हौशी लिहिणारा येतो आणि कंदीलपुष्पासारखं दुर्मीळ फूल नक्की कोणत्या ओढ्याच्या कोणत्या अंगाला दिसलं ते लिहून टाकतो. पुढच्या आठवड्यात तिथे पंधरा कॅमेरे. फोटोसाठी माणूस पोटावर झोपतो, तो ज्या सीतेच्या आसवांच्या इवल्या फुलांवर झोपतो ती त्याला दिसतही नाहीत. कंदीलपुष्पाला खाली कंद असतो, तो उपटून नेणारेही आहेत. गावातल्या म्हाताऱ्या बायकांना या जागा ठाऊक आहेत. त्यांनी कधी लिहिल्या नाहीत म्हणून त्या राहिल्या.

कृष्णाकाठ, सांगली

सोनकीताई, जागा लिहू नये, हे मला पूर्ण मान्य. पण टोपली कारवीचं झुडूप सात वर्षांनी फुलतं हे आपण आज ठामपणे सांगतो, ते कुणीतरी साल लिहून ठेवलं म्हणूनच ना? जागा गाळा, तारीख लिहा. पाऊस लांबला त्या वर्षी तेरडा कधी फुलला, गेंद किती दिवस टिकला, ही वही वीस वर्षांनी सोन्याच्या मोलाची होईल.

सोनकी, कास परिसर

सात वर्षांचं गणित आमच्या आज्यांना पाठ होतं. कारवी फुलली त्या साली कोण जन्मलं, कुणाचं लग्न झालं, यावरून त्या सांगायच्या. तुमच्या वहीआधीपासून.

मिरजेची सून

मी तंतुवाद्यांच्या घरात आले. इथे लिहायचं की नाही याचा विचार करत होते, पण वरचं वाचून राहवलं नाही.

आमच्याकडे भीमाकाठचा भोपळा येतो, तो निवडण्यापासून पॉलिशपर्यंत सगळं घरात चालतं. २०२४ ला मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला मानांकन मिळालं तेव्हा बरेच लोक माहिती घ्यायला आले. सासऱ्यांनी सगळं सांगितलं, पण जवारी, म्हणजे तारेचा तो गुंजणारा आवाज, कशी काढता म्हटल्यावर ते गप्पच झाले. जवारी सांगता येत नाही. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीच्या माथ्यावर कानस एवढीशी फिरवायची, तार चढवायची, छेडायची, कान लावायचा, पुन्हा तार उतरवायची. तारेखाली सूत सरकवलं की एका जागी आवाज उमलतो, केसाएवढं पुढे गेलं की बसतो. ती जागा कानाला कळते. हे वाचून कुणी जवारी काढायला बसला तर घोडी वाया घालवेल. आमच्यात पोरगा दहा-बारा वर्षं शेजारी बसतो तेव्हा हात तयार होतो.

म्हणून मला असं वाटतं की लिहिण्याचा फार गवगवा नको. लिहिलंय म्हणजे जपलंय, अशी समजूत होते आणि शेजारी बसायला कुणी उरत नाही.

माहुलीकर

वहिनी, तुम्ही आत्ता जे लिहिलंत ते वाचून मी तंबोरा वेगळ्या कानाने ऐकणार आहे. मला जवारी काढायची नाही. पण ती काढायला किती कष्ट पडतात हे कळलं, म्हणजे उद्या वाद्य घेताना मी घासाघीस करणार नाही. वाचणाऱ्याला एवढं मिळालं तरी पुष्कळ झालं. शिकणारा वेगळा, वाचणारा वेगळा.

ग्रंथपाल, तालुक्याचं गाव

सगळे लिहावं की लिहू नये यावर बोलताय. माझा अनुभव सांगते. लिहिलेलं खूप आहे, ते सापडत नाही.

आमच्या वाचनालयात लोक अशी लिखाणं आणून देतात. दाखल नोंदवहीत चढवतो. मग वर्गीकरण. कादंबरी, चरित्र, प्रवास, इतिहास यांचे गठ्ठे ठरलेले. निवृत्त पोस्टमनने लिहिलेली वाडी-वस्त्यांची माहिती कुठे ठेवू? बैलांच्या शिंगांच्या ठेवणीवर कुणी चाळीस पानं लिहिलीत, ती कुठे? सगळं ‘संकीर्ण’मध्ये जातं. त्या कपाटापाशी वाचक फिरकत नाही, कारण संकीर्ण हवंय असं म्हणत कुणी वाचनालयात येत नाही. मागणी नाही म्हणून ते कपाट आणखी आतल्या खोलीत जातं.

भिलार या पुस्तकांच्या गावात २०१७ पासून घराघरांत विषयवार पुस्तकं मांडली आहेत. एका घरात एक प्रकार, दुसऱ्यात दुसरा. माणूस हिंडता हिंडता जे मागितलं नव्हतं ते उचलतो. मला ती मांडणी फार आवडते. शोधून वाचा म्हणणं सोपं आहे, पण वाचकाला शोधायचं काय हेच माहीत नसतं. ते त्याच्या वाटेत ठेवावं लागतं.

आणि जपणुकीचं म्हणाल तर २०१९ च्या पुरात सांगलीच्या नगर वाचनालयातली किती पुस्तकं भिजली ते सगळ्यांनी पाहिलंय. छापील पुस्तकाची दुसरी प्रत कुठेतरी मिळते. वहीची मिळत नाही.

नुकताच पदवीधर, कराड

ग्रंथपाल मॅडमना अनुमोदन, पण मला मूळ मुद्दाच पटत नाही. आमच्या पिढीला निवडून दिलेलं वाचायची सवय आहे, यात कमीपणा काय? मोबाइल मला माझ्या आवडीचंच दाखवतो. वेळ वाचतो. चाळीस पानं बैलाच्या शिंगांवर मी का वाचू? मला क्रिकेट आणि चित्रपट आवडतात, त्यावर उत्तम लिहिणारे आहेत. आवड नसलेलं वाचा हा आग्रह शाळेत ठीक होता.

कृष्णाकाठ, सांगली

आवड आधी कुठून येते, हे सांग बाळा. तू पहिल्यांदा क्रिकेट बघितलंस तेव्हा ते तुझ्या आवडीचं नव्हतं. कुणीतरी शेजारी बसून दाखवलं. मला पेवांमध्ये काडीचा रस नव्हता. ज्याला होता, त्याने इतका जीव ओतून लिहिलं की आता हरिपूरला संगमावर गेलो की जमीन बघून चालतो. मोबाइल तुला काल आवडलेलं आज परत देतो. त्याला तुझ्या घरामागच्या बैलाबद्दल काही माहीत नाही.

पुराचं तर विचारूच नका. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका, हे सरकारी पत्रकात येतं. २०१९ ला पाणी ५७ फुटांवर गेलं हेही येतं. पण पुलाला किती फूट झाले की आपल्या गल्लीच्या गटारीतून पाणी उलटं येतं, कोणती बोळ आधी बुडते, म्हाताऱ्या माणसाला कोणत्या वाटेने काढायचं, हे एखाद्याच्या वहीतच असतं. ही आवड नाही, गरज आहे.

नुकताच पदवीधर, कराड

पुराचा मुद्दा मान्य. शिंगांचा अजून नाही.

इतिहासाचा मास्तर, विटा

गल्लीतल्या पाण्याची नोंद करणारा डोळ्यांनी बघून लिहितो, तारीख घालतो. त्याला मी साधन म्हणेन, आनंदाने म्हणेन. पेवाच्या त्या चार पानांबद्दल मी वर प्रश्न विचारला होता, त्याचं उत्तर अजून आलेलं नाही. कृष्णाकाठ, त्या लेखकाला एवढंच विचारा की हे वडिलांनी सांगितलं की स्वतः पाहिलं, कोणत्या साली, कुणाच्या पेवावर. ते पहिल्या पानावर लिहून घ्या आणि एक प्रत मला पाठवा, नववीच्या वर्गात वाचून दाखवतो. लिंबच्या खलबतांना मात्र माझ्या वर्गात जागा नाही, कुणीही कितीही हौसेने लिहोत.

ग्रंथपाल, तालुक्याचं गाव

दुसरी प्रत आमच्याकडे पाठवा. या वेळी संकीर्णमध्ये टाकणार नाही. वर्तमानपत्रांच्या टेबलाशेजारी एक फळी मोकळी केली आहे, तिथे ठेवते. मिरजेच्या वहिनी, सासऱ्यांना भोपळ्याच्या निवडीवर दोन पानं सांगायला लावता का? जवारी राहू दे.