घरी शिकणाऱ्या मुलांना ग्रीक तत्त्वज्ञान शिकवताना सुरुवात कोठून करावी?

प्रश्न (धरमपेठ, नागपूर)

नमस्कार. माझी दोन मुले आणि दोन मैत्रिणींची एकेक मुलगी, अशी ११ ते १५ वयाची चार मुले शाळेत न जाता आमच्याकडे एकत्र शिकतात. उन्हामुळे सध्या आमचा वर्ग सकाळी साडेसहाला भरतो. दोन महिन्यांपूर्वी मी प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञान शिकवायला घेतले आणि कालक्रमाने थेलीसपासून सुरुवात केली. पण सृष्टीचे मूळ द्रव्य कोणते, याविषयी मुलांनी ‘थेलीस म्हणजे पाणी, अॅनॅक्झिमिनीज म्हणजे वायू, हेराक्लिटस म्हणजे अग्नी’ एवढेच पाढ्यासारखे पाठ केले. म्हणून मी प्रश्न विचारत संवाद करणाऱ्या सॉक्रेटिसकडे वळले, तर तेथे वेगळीच अडचण आली. मी प्रश्न विचारला की मुले माझ्या चेहऱ्याकडे पाहून मला हवे असलेले उत्तर शोधू लागतात. धाकटा तर सरळ विचारतो, “आई, तुला कोणतं उत्तर पाहिजे?” आईच शिक्षक असेल तर खरा संवाद घडवावा कसा? शिवाय हा विषय मराठीतून शिकवल्यास मुले मागे पडतील, असे घरातील वडीलधाऱ्यांना वाटते. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १ (निवृत्त गणित शिक्षक, प्रतापनगर)

ताई, ज्या प्रश्नाचे उत्तर तुमच्या चेहऱ्यावर नव्हे, तर जमिनीवर सापडेल, अशा प्रश्नापासून सुरुवात करा. प्लेटोच्या ‘मेनो’ या संवादात सॉक्रेटिस एका गुलाम मुलासमोर दोन फूट बाजूचा चौरस काढतो आणि याच्या दुप्पट क्षेत्रफळाच्या चौरसाची बाजू किती असेल, असे विचारतो. मुलगा आत्मविश्वासाने ‘चार फूट’ म्हणतो, पण क्षेत्रफळ होते १६. मग तो ‘तीन फूट’ म्हणतो, तेव्हा ते ९ होते, आणि हवे तर ८ आहे. येथे तो मुलगा थांबतो आणि आपल्याला माहीत नाही, हे कबूल करतो. सॉक्रेटिस त्या मुलाच्या मालकाला, म्हणजे मेनोला, सांगतो की मुलाची स्थिती आता आधीपेक्षा चांगली आहे, कारण मघाशी माहीत नसतानाही आपल्याला माहीत आहे असे त्याला वाटत होते. कर्णावर उभारलेल्या चौरसाचे उत्तर त्यानंतर येते.

अंगणात खडूने चार फुटांचा मोठा चौरस आखा, त्याचे चार समान चौरस करा आणि पुढे काही बोलू नका. चुकीचे उत्तर आले तरी ‘चूक’ म्हणू नका. क्षेत्रफळ मोजायला सांगा, म्हणजे चौरसच त्यांना चूक दाखवून देईल. मुले अडकल्यावर जी शांतता पसरते, ती सहन करणे शिक्षकाला फार जड जाते. मलाही ते जमायला अनेक वर्षे लागली.

मराठीविषयी एवढेच सांगतो की त्या मुलाला प्रश्न विचारण्यापूर्वी सॉक्रेटिस त्याच्याबद्दल एकच चौकशी करतो: तो ग्रीक आहे ना, ग्रीक बोलतो ना? म्हणजे विचार करायला त्याची स्वतःची भाषा पुरेशी होती.

उत्तर २ (तत्त्वज्ञानाची पदव्युत्तर विद्यार्थिनी)

सरांची सूचना मला पटते, परंतु थेलीसला सोडून देऊ नये, असे मी आग्रहाने सांगेन. मुलांनी निष्कर्ष पाठ केले, कारण त्यांना कारणे मिळालीच नाहीत. थेलीसने पाणीच का म्हटले असावे? सर्व प्राण्यांचे अन्न ओलसर असते आणि बीजेही ओलसर असतात, असा अंदाज अॅरिस्टॉटलने केला आहे. पृथ्वी पाण्यावर तरंगते, असे थेलीसचे मत होते. हे सांगून थांबल्यास ‘मग पाणी कशावर आहे?’ असे एखादे मूल विचारेलच. त्यानंतर थेलीसच्या पुढचा तत्त्वज्ञ अॅनॅक्झिमँडर आणावा. त्याच्या मते पृथ्वीला कशाचाच आधार नाही. ती सर्व बाजूंपासून सारख्या अंतरावर असल्यामुळे जागच्या जागी राहते. अॅनॅक्झिमिनीजसाठी मुलांना तळहातावर फुंकर घालायला सांगा. ओठ आवळून फुंकले तर हवा थंड लागते, तोंड उघडे ठेवून सोडली तर ऊबदार लागते. दाटपणा आणि विरळपणा यांतूनच थंड आणि उष्ण घडते, असे सांगताना त्याने हेच उदाहरण दिले होते.

परंपरेने हे तिघे मिलेटस नगरातील गुरू आणि शिष्य मानले जातात, आणि तरीही प्रत्येकाने आपल्या आधीच्याशी मतभेद दर्शवला. जी मुले आईचा चेहरा वाचून उत्तर देतात, त्यांना हे अवश्य कळले पाहिजे.

उत्तर ३ (इंदोरा)

आमच्या विहारात मी रविवारी मुलांचा वर्ग घेतो. ताईंच्या मूळ अडचणीसाठी मला ‘मिलिंदपञ्ह’ आठवला. हा पाली ग्रंथ आहे आणि त्यातील विचार बौद्ध आहेत, त्यामुळे तो ग्रीक तत्त्वज्ञान म्हणून शिकवू नये. परंतु त्यात प्रश्न विचारणारा मिलिंद म्हणजे ग्रीक वंशाचा राजा मिनँडर आहे. संवादाच्या प्रारंभी बौद्ध भिक्षू नागसेन त्याला विचारतात की तू पंडितवादाने बोलणार की राजवादाने? पंडितांच्या वादात खंडन होते, चूक मान्य केली जाते आणि कोणी रागावत नाही; राजाच्या वादात मात्र जो विरोध करील त्याला दंड होतो. मिलिंद पंडितवाद स्वीकारतो. वर्ग सुरू होण्यापूर्वी ताईंनी मुलांना हा प्रसंग सांगावा आणि ‘आज पंडितवाद’ असे जाहीर करून तो शब्द पाळावा.

सरांच्या उदाहरणात एक भर घालतो. ‘मेनो’तील त्या मुलाला संवादात नाव नाही. जो मुलगा भूमिती समजू शकतो हे सर्वांसमोर सिद्ध होते, तो संवाद संपल्यावरही गुलामच राहतो. ही गोष्ट मुलांपासून लपवू नये. त्यावर त्यांना काय वाटते, ते अवश्य ऐकावे.

प्रश्नकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. आज सकाळी पंडितवादाचा प्रसंग सांगून अंगणात चौरस आखला. ‘चार’ आणि ‘तीन’ ही दोन्ही उत्तरे अगदी त्याच क्रमाने आली, आणि मग जवळजवळ दहा मिनिटे कोणीच बोलले नाही. मी मुद्दाम तुळशीला पाणी घालत पाठमोरी उभी राहिले. तिरपी रेघ शेवटी १३ वर्षांच्या मुलीने ओढली. धाकट्याने मात्र ती मान्य केली नाही. अर्धे त्रिकोण मोजून आठ चौरस फूट भरेपर्यंत तो खडू सोडायला तयार नव्हता. उद्या फुंकरीचा प्रयोग आहे. त्या गुलाम मुलाविषयी मी अजून बोललेले नाही. त्यासाठी रविवारचा पूर्ण वर्ग राखून ठेवला आहे.