शनिवारच्या प्रोग्रॅममधलं बापलेकाचं गाणं

ए-१०३ सेक्रेटरी: यादी फायनल करतोय. बी-४०२ काकांनी 'फादर अँड सन' लिहिलंय, इंग्लिश आहे ना? ड्युएट असेल तर दुसरा माईक सांगावा लागेल

बी-४०२ काका: दुसरा नको, एकटाच गाणार

सी-२०१: मग बाप कोण लेक कोण 😄

बी-४०२ काका: अहो तीच तर गंमत. कॅट स्टीव्हन्स या ब्रिटिश गायकाने १९७० ला केलं तेव्हा दोन्ही तोच गायलाय. बापाचं खालच्या पट्टीत, दमानं, घाई नको रे बस जरा असं, आणि मुलाची पाळी आली की एकदम वर चढतो, आवाज ताणतो, म्हणजे पोरगं कधीपासून बोलायचं म्हणतंय आणि कोणी ऐकूनच घेत नाहीये हे कळतं. स्वतः तेव्हा २२ वर्षांचा फक्त

डी-५०४: लंडनचा ना तो? वडलांचं रेस्टॉरंट होतं

बी-४०२ काका: हो, वडील सायप्रसचे ग्रीक, रेस्टॉरंटच्या वरच घर. पण गाणं मुळात रशियन क्रांतीवरच्या म्युझिकलसाठी, म्हणजे संगीत नाटकासाठी सुचलेलं, शेतकऱ्याच्या पोराला क्रांतीत जायचंय, बाप म्हणतो इथेच थांब, लग्न कर. म्युझिकल राहिलं, गाणं उरलं

सी-२०१: बापाचं औषध एकच, लग्न 😂

डी-५०४: आम्ही कॉलेजात बॉयझोन या आयरिश बँडवालं ऐकायचो, ९५ चं. मला तेच आवडतं

बी-४०२ काका: गोड आहे ते. पण भांडण कुठंय त्यात? स्टीव्हन्सचंच २०२० चं ऐका, सत्तरीत बापाचं स्वतः गायलाय आणि मुलाच्या ओळींना १९७० च्या लाईव्ह रेकॉर्डिंगमधला स्वतःचाच जुना आवाज लावलाय. मी पार्किंगमध्ये गाडी बंद करून ऐकत बसलो तर वॉचमन काच वाजवून बघून गेला, बरं आहे ना काका म्हणून

बी-३०१ आजी: मराठी काही नाही का

ए-१०३ सेक्रेटरी: आजी आहे आहे. काका ४ मिनिटांच्या वर नको प्लीज

बी-४०२ ज्युनियर: बाबा, आठवडाभर भिंतीतून ऐकतोय. वरच्या पट्टीत फाटतो तुमचा आवाज. आणि शेवटी दोघं एकावर एक बोलतात तिथे एकटे काय करणार?

बी-४०२ काका: तुला विचारलं तर नाही म्हणालास

बी-४०२ ज्युनियर: तुम्ही मला कुठे विचारलंत, आईला विचारलंत

सी-२०१: 🙈

ए-१०३ सेक्रेटरी: दोन माईक लिहू का मग

बी-४०२ काका: लिहा

बी-३०१ आजी: पसायदान शेवटी ठेवा, मागच्या वेळी राहिलं