अलाइनर लावल्यावर चहा-कॉफी आणि खाणं कसं सांभाळता? मदत हवी आहे

भुरका:
नमस्कार मंडळी. नुकतेच अलाइनर सुरू झालेत, म्हणजे दात सरळ करायचे ते काढता-घालता येणारे प्लास्टिकचे ट्रे, वरचे खालचे दोन्ही. दात ठणकणार, बोलताना स-श घसरणार हे सगळं आधीच सांगितलं होतं, त्याची तक्रार नाही. माझी अडचण खाण्यापिण्याची आहे, त्यातही पिण्याची जास्त.

मी चहा एका बैठकीत संपवणारी नाही. कप शेजारी असतो, काम चालू असतं, आठवण येईल तसा घोट, गार झाला तरी चालतो, खरं तर गारच आवडतो. आता डॉक्टर म्हणतात दिवसाचे २२ तास ट्रे तोंडात हवेत आणि ट्रे असताना साध्या पाण्याशिवाय काहीही प्यायचं नाही. म्हणजे उरले २ तास. तीन वेळच्या खाण्याला अर्धा-अर्धा तास धरला की दीड तास तिथेच संपला, राहिलेल्या अर्ध्या तासात दोन चहा बसवायचे, आणि काढा, डबीत ठेवा, प्या, ब्रश करा, ट्रे धुवा, परत घाला हे पुराण दर वेळी आहेच. ब्रशचा वेळ त्या २ तासांतच धरायचा की तो माफ असतो?

दुसरं म्हणजे सूचनाच एकमेकींशी भांडतायत. कागदावर वर लिहिलंय काहीही खाल्लं की ब्रश करूनच ट्रे घाला. त्याच कागदावर खाली, आंबट खाल्लं-प्यायलं असेल तर अर्धा तास ब्रश करू नका. आणि मध्ये ठळक अक्षरात, खाऊन झाल्याबरोबर ट्रे घाला. मग संत्रं खाल्ल्यावर माणसाने नेमकं करायचं काय, भिंतीकडे बघत बसायचं?

आणि खरं सांगा, गार झालेला बिनसाखरेचा चहा ट्रे घालून प्यायला तर काय बिघडतं? स्ट्रॉने प्यायला तर? शिवाय ट्रेला पकड मिळावी म्हणून दातांवर ते बारीक उंचवटे, अटॅचमेंट, चिकटवलेत, काही कडक चावताना ते निघून येतील अशी धास्ती वाटते, सफरचंद बंदच केलंय सध्या. कामाच्या ठिकाणी सगळ्यांसमोर ट्रे काढायचा संकोच वाटतो ते वेगळंच. ज्यांनी हे सगळं केलंय त्यांनी लिहा, फक्त "होईल सवय" एवढंच लिहू नका प्लीज, घरचे तेच म्हणतायत.

दातखीळ:
इतकं काय मनावर घेताय. मी पूर्ण ट्रीटमेंट कॉफी ट्रे घालूनच प्यायलो, फक्त कोमट करून आणि स्ट्रॉने. ट्रे पिवळट व्हायचे, पण पुढचा ट्रे आला की जुना फेकायचाच असतो ना. दात सरळ झाले, विषय संपला.

तिसरा_ट्रे:
दातखीळ, तुमचे दात नशीबवान म्हणायचे. माझ्या बहिणीने हेच केलं, फरक एवढाच की तिची कॉफी गोड होती, आणि शेवटी अटॅचमेंट काढले तेव्हा भोवती पांढरे डाग निघाले. आता दात सरळ आहेत पण ती फोटोत तोंड मिटूनच हसते.

भुरका, तुमचा हिशोब बरोबर आहे, फक्त चहा वेगळा धरू नका. खाण्याला जोडून घ्या. नाश्ता झाला की लगेच चहा, मग एकदाच ब्रश आणि ट्रे आत. दुपारचा दुसरा चहा संध्याकाळच्या किरकोळ खाण्याबरोबर. मी असं केल्यावर माझं मधलं चरणं आपोआप बंद झालं, कारण एका बिस्किटासाठी एवढा सोहळा कोण करणार. वजनही थोडं उतरलं, त्याचं श्रेय मात्र मी व्यायामाला देतो.

संकोचाचं म्हणाल तर दोन दिवस लोक बघतात, मग कुणाला पडलेली नसते. बाजूला वळून काढायचा. पुढच्या दातांवरून नखाने ओढू नका, मागच्या दाढेपासून आतल्या बाजूने सोडवा, आधी एक बाजू मग दुसरी, मग पुढे आणा. आणि काढला की डबीतच, टिश्यूत गुंडाळून ताटाशेजारी ठेवलेला ट्रे ताटाबरोबर कचऱ्यात जातो, हे जवळपास प्रत्येकाकडे ऐकायला मिळेल.

सुळा:
मी ऑर्थोडॉन्टिस्ट आहे, म्हणजे वाकडे दात सरळ करण्याचंच काम. पण इथलं वाचून तुमच्या डॉक्टरांचं सांगणं बाजूला ठेवू नका, तुमचे एक्स-रे त्यांनी बघितलेत, मी नाही.

ट्रे पिवळा पडणं हा यातला सगळ्यात किरकोळ भाग आहे. एरवी गोड काही प्यायलं की लाळ ते धुऊन नेते, आम्ल सौम्य करते आणि इनॅमलला, म्हणजे दाताच्या वरच्या कडक आवरणाला, खनिजं परत देते. ट्रे घातला की लाळेची ही वाट जवळजवळ बंद होते. पेय मात्र कडेने आत शिरतं आणि तिथेच राहतं, म्हणजे दात साखरेच्या पाण्यात भिजत घातल्यासारखंच झालं. प्लाकमधले, म्हणजे दातांवरच्या चिकट थरातले, जंतू त्या साखरेचं आम्ल करतात. पीएच (आम्लतेचं माप, जितका कमी तितकं जास्त आम्ल) साधारण ५.५ च्या खाली गेला की इनॅमलमधली खनिजं सुटायला लागतात, आणि ट्रे नसतानाही तो पूर्वपदावर यायला अर्धा ते एक तास जातो, ट्रेखाली तर विचारूच नका. तिसरा_ट्रे यांच्या बहिणीचे पांढरे डाग म्हणजे कीड लागायची पहिली पायरी. म्हणून आम्ही चहाच्या मागे लागतो, ट्रेच्या रंगासाठी नाही.

स्ट्रॉने फार फरक पडत नाही. पेय तोंडात आलं की जीभ ते सगळीकडे फिरवते आणि ट्रेच्या कडेतून ते आत जातंच. गरम पेयाचा तर वेगळाच धोका, हे ट्रे उष्णतेने आकार देऊन बनवलेलं प्लास्टिक असतं, गरम चहाने ते किंचित जरी वाकलं तरी दाताला हवा तो दाब मिळत नाही. एक ट्रे दाताला फार तर पाव मिलिमीटर सरकवतो, त्यात वाकायला जागाच कुठे आहे. याच कारणाने ट्रे गरम पाण्याने धुवायचा नाही. गार पाणी, मऊ ब्रश, थोडा सौम्य बिनरंगाचा साबण पुरे. टूथपेस्टने घासलात तर बारीक चरे पडतात, ट्रे धुरकट दिसतो आणि चऱ्यांत घाण बसते.

बिनसाखरेचा गार चहा गोड चहापेक्षा कमी वाईट, पण चांगला नाही. डाग ट्रेवर पडतात तसे अटॅचमेंटच्या कडेलाही पडतात, आणि अटॅचमेंट ट्रेसारखे आठवड्याने बदलत नाहीत, शेवटपर्यंत तेच राहतात. दुधाचा असेल तर दुधातही साखर असतेच, लॅक्टोज.

एक गोष्ट तुम्हाला आवडणार नाही, पण घोटाघोटाने तासभर पिणं हे अलाइनर नसतानाही दातांना वाईटच. दर घोटाला तो अर्ध्या-एक तासाचा हिशोब नव्याने सुरू होतो. दहा मिनिटांत पूर्ण कप संपवलात तर दातांच्या दृष्टीने ते एकदाच पिणं झालं.

आता सूचनांचं भांडण. ब्रशचा वेळ २ तासांतच धरायचा, ट्रे बाहेर म्हणजे बाहेर. नेहमीच्या जेवणानंतर ब्रश करा आणि ट्रे घाला. आंबट काही खाल्लं असेल तर इनॅमलचा वरचा थर थोड्या वेळापुरता मऊ झालेला असतो, लगेच घासलं तर झिजतो. अशा वेळी पाण्याने दोन-तीनदा जोरात चूळ भरा, दातांत काही अडकलं असेल तर फ्लॉसने (दातांच्या फटी साफ करायच्या दोऱ्याने) काढा, ट्रे धुवा आणि घाला. अर्ध्या तासाने जमलं तर ट्रे काढून ब्रश करा, नाही तर पुढच्या खाण्याच्या वेळी. ब्रशसाठी वाट बघत ट्रे बाहेर ठेवू नका. रात्री मात्र फ्लोराइडची पेस्ट आणि नीट ब्रश, त्यात सूट नाही, आणि पेस्ट थुंकल्यावर पाण्याने खळखळून धुऊन टाकू नका, थोडी दातांवर राहू द्या.

भुरका:
सुळा, मनापासून आभार, इतकं तर मला क्लिनिकमध्येही कुणी उलगडून सांगितलं नव्हतं. घोटाघोटाचं वाचून वाईट वाटलं पण पटलं. मग अजून विचारून घेते, साधा सोडा चालेल का, बिनसाखरेचा? आणि लिंबू पिळलेलं पाणी? त्यात साखर नसते म्हणून मी सकाळपासून बाटली भरून तेच पीत होते, ते पाण्यातच धरत होते मी. आणि एखाद्या दिवशी पाहुणे आले, बाहेर जेवण लांबलं, ३-४ तास ट्रे बाहेर राहिला तर?

सुळा:
लिंबूपाणी ट्रे घालून अजिबात नको. साखर नसली तरी ते बरंच आम्लधर्मी असतं, आणि दिवसभर घोट घोट म्हणजे चहापेक्षाही वाईट. डाएट कोलाचंही तेच, साखर शून्य पण पीएच ३ च्या आसपास किंवा त्याहूनही खाली. साधा सोडा त्या मानाने सौम्य, पण तोही जेवणाबरोबरच घ्या, ट्रे काढून. फ्लेवरवाल्या सोड्यात बऱ्याचदा सायट्रिक अॅसिड असतं, लेबल बघा.

एखादं जेवण लांबलं तर आभाळ कोसळत नाही. घरी गेलात की ट्रे घाला, घट्ट वाटेल. काळजी रोजच्या गळतीची असते. रोज १६-१७ तासच घातला तर दात ट्रेच्या मागे पडत जातात, मग ट्रेची कड आणि दाताचं टोक यांत फट दिसायला लागते आणि शेवटी नवे स्कॅन, नवे ट्रे, पुन्हा काही महिने. आरशात ती फट दिसली तर पुढचा ट्रे घालायची घाई करू नका, डॉक्टरांना कळवा.

उगाच_एक:
मी रबरवाला आहे, म्हणजे ट्रेच्या जोडीला वरून खाली रबर बँड. खाताना तेही काढायचे असतात आणि ते नंतर घालायला विसरायला होतं, म्हणून डबीतच जादा रबर ठेवतो.

सफरचंद कशाला बंद केलंत? पुढच्या दातांनी तोडायचं नाही, एवढंच. फोडी करा, दाढेने चावा, गाजराचंही तसंच. अटॅचमेंट कंपोझिटचे असतात, दाताला फिलिंग करतात तेच, जेवताना रोज काही पडत नाहीत. पडलाच तर क्लिनिकला फोन करून सांगा, ट्रे घालत राहा. खरा वैताग चिकट टॉफी आणि कडक दाण्यांचा. च्युइंग गम मात्र ट्रे घालून नको, ट्रेला असं चिकटतं की खरवडत बसावं लागतं.

नवीन ट्रे रात्री झोपताना घालायचा. पहिला जोर झोपेत निघून जातो, सकाळी नाश्त्याला दात जरा कमी कुरकुरतात. तरी पहिले दोन-तीन दिवस मऊच खायचं. आणि ट्रे चावून बसवू नका, बोटांनी दाबा, मग तो चघळायचा छोटा रोल मिळतो त्यावर हळूहळू चावायचं.

दातखीळ:
ठीक आहे, पांढऱ्या डागांचं मला माहीत नव्हतं. दाताच्या डॉक्टरकडे जाऊन बघून घेतो आता. कॉफी काळी आणि बिनसाखरेची होती, एवढं माझ्या बाजूने लिहून ठेवा.

भुरका:
ठेवलं :) मी आजपासून चहा नाश्त्याला जोडलाय, बाटलीत साधं पाणी. दुपारच्या कपाचं अजून मन मानत नाहीये, बघू. पुढचा ट्रे रविवारी रात्री बदलते. तोवर कुणीतरी मऊ पण कंटाळवाणं नसलेलं काही सुचवा, आंबट नको आणि दातांत अडकणारं नको.