रवी शास्त्री : दहाव्या क्रमांकावरून सलामीला, आणि पुढे प्रशिक्षकपदी

चौथा_पंच यांचा प्रश्न :

नमस्कार मंडळी. माझ्या पिढीने रवी शास्त्रींना आधी समालोचक म्हणून ऐकले आणि नंतर भारतीय संघाचे प्रशिक्षक म्हणून पाहिले. खेळाडू म्हणून त्यांना पाहण्याचा योग आम्हाला आला नाही. अलीकडे त्यांच्या कारकिर्दीचे आकडे चाळले. ८० कसोटी, ३८३० धावा, ११ शतके, १५१ बळी. १५० एकदिवसीय सामन्यांत ३१०८ धावा आणि १२९ बळी. आकडे चांगले आहेत, परंतु कसोटीत फलंदाजीची सरासरी ३६ च्या आत आणि गोलंदाजीची ४१ च्या आसपास पाहिली की त्यांना थोर अष्टपैलूंच्या पंगतीत बसवावे की नाही, असा संभ्रम पडतो. घरातही एकमत नाही. वडील त्यांना सरळ ‘रटाळ’ म्हणतात, तर काकांच्या मते त्यांच्याइतका खमक्या खेळाडू मुंबईने क्वचितच दिला.

माझा खरा प्रश्न निराळा आहे. २००७ च्या बांगलादेश दौऱ्यावरील व्यवस्थापकपद वगळले, तर २०१४ मध्ये संघसंचालक म्हणून नेमणूक होईपर्यंत त्यांनी कोणत्याही संघाला दीर्घकाळ प्रशिक्षण दिलेले नव्हते. तरीही त्यांच्या काळात भारताने ऑस्ट्रेलियात लागोपाठ दोन कसोटी मालिका जिंकल्या. खेळाडू शास्त्री आणि प्रशिक्षक शास्त्री यांच्यात काही दुवा आहे, की संघ चांगला होता आणि ते त्या वेळी खुर्चीवर होते, एवढेच?

माटुंगा_मैदान :

दुवा आहे, असे माझे ठाम मत आहे, आणि तो सरासरीत सापडणार नाही. तो फलंदाजीच्या क्रमात सापडेल.

फेब्रुवारी १९८१ मध्ये दिलीप दोशी दुखापतग्रस्त झाले म्हणून अठरा वर्षांच्या या मुलाला तातडीने न्यूझीलंडला बोलावून घेतले गेले. डॉन बॉस्को शाळा आणि पोदार महाविद्यालय, म्हणजे अस्सल माटुंग्याचा मुलगा. सामन्याच्या आदल्या रात्री तो वेलिंग्टनला पोहोचला आणि दुसऱ्या दिवशी कसोटी खेळला. निवड झाली होती ती डावखुरा फिरकी गोलंदाज म्हणून, आणि फलंदाजीचा क्रमांक होता दहावा. तीन कसोटींत त्याने १५ बळी घेतले. पुढच्याच वर्षी ओव्हलवर गावसकर जायबंदी झाल्यावर सलामीला कोणी जायचे, असा प्रश्न उभा राहिला, तेव्हा याने जाऊन ६६ धावा केल्या. जानेवारी १९८३ मध्ये कराचीत इम्रान खान ऐन भरात असताना सलामीलाच १२८. पहिल्यापासून दहाव्यापर्यंत प्रत्येक क्रमांकावर तो कसोटीत खेळला, आणि ११ पैकी ४ शतके सलामीची आहेत : कराची, १९९० मध्ये लॉर्ड्सवर १०० व ओव्हलवर १८७, आणि १९९२ मध्ये सिडनीला २०६. त्या सिडनीच्या कसोटीत शेन वॉर्नने कारकिर्दीतला पहिला बळी मिळवला तो शास्त्रींचाच, परंतु शास्त्रींच्या २०६ धावा झाल्यानंतर. शिवाय दुसऱ्या डावात ऑस्ट्रेलियाचे ४ गडी शास्त्रींनी ४५ धावांत बाद केले.

ज्याच्यापाशी गावसकरांचे तंत्र नाही आणि कपिलची नैसर्गिक देणगीही नाही, अशा माणसाने हे केले. त्यामुळे ‘तू अमुक क्रमांकाचा खेळाडू आहेस’ हे वाक्य त्यांना कधी पटलेच नसावे. आता प्रशिक्षकपदाचा काळ पाहा. डिसेंबर २०१८ मध्ये मेलबर्नला दोन्ही सलामीवीर संघाबाहेर बसवून मयांक अगरवालबरोबर हनुमा विहारीला सलामीला धाडले. विहारी मधल्या फळीतला फलंदाज. त्याने ६६ चेंडू खेळून केवळ ८ धावा केल्या. धावफलकावर ते अपयश दिसते, परंतु नव्या चेंडूची धार गेल्यावर पुजारा आला आणि त्याने शतक केले. भारताने ती कसोटी जिंकली. ऑक्टोबर २०१९ मध्ये विशाखापट्टणमला रोहित शर्माला कसोटीत प्रथमच सलामीला पाठवले. सहा वर्षे ज्याची मधल्या फळीतली जागा पक्की होत नव्हती, त्याने १७६ आणि १२७ धावा केल्या. असे निर्णय निवडसमिती, कर्णधार आणि प्रशिक्षक मिळूनच घेतात, हे मान्य. परंतु ते खेळाडूच्या गळी उतरवायला, स्वतः त्या वाटेने गेलेला माणूस समोर असला की फरक पडतो.

अवांतर : आपल्या वडिलांसाठी एक मासला देतो. १९८४ च्या ३१ डिसेंबरला सुरू झालेल्या कलकत्ता कसोटीत शास्त्रींनी इंग्लंडविरुद्ध १११ धावा केल्या त्या इतक्या सावकाश, की सामन्याच्या पाचही दिवशी ते कधी ना कधी फलंदाजीला उभे होते. ती कसोटी ५ जानेवारीला संपली. १० जानेवारीला वानखेडेवर बडोद्याविरुद्ध त्यांनी तिलक राजच्या एका षटकात सहा षटकार मारले आणि ११३ मिनिटांत द्विशतक पूर्ण केले. त्याच हंगामात मेलबर्नला पाकिस्तानविरुद्धच्या अंतिम सामन्यात नाबाद ६३ करून मालिकावीराची ऑडी गाडी मिळवली आणि रणजीच्या अंतिम सामन्यात दिल्लीचे ८ गडी ९१ धावांत बाद केले. रटाळ म्हणावे, पण मग ते ठरवून रटाळ होते, असे म्हणावे लागेल.

स्विंग_आणि_मिस :

वरील प्रतिसाद वाचनीय आहे, मात्र त्यात सोयीची उदाहरणे निवडलेली आहेत, हे नम्रपणे नोंदवतो. २०१८ च्या सुरुवातीला दक्षिण आफ्रिकेत अजिंक्य रहाणेला पहिल्या दोन कसोटींत बाहेर ठेवले, जेव्हा परदेशातील त्याची कामगिरी संघात सर्वांत भरवशाची मानली जात होती. आपण त्या दोन्ही कसोटी हरलो. त्याच वर्षी एजबॅस्टनला पुजाराला वगळले आणि तिथेही हरलो. मालिका १-४ अशी गेली. २०१९ च्या विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात आघाडीची फळी कोसळलेली असताना धोनीला सातव्या क्रमांकावर का ठेवले, याचे समाधानकारक उत्तर आजही मला मिळालेले नाही. क्रमवारी हलवण्याची हौस हीच जर शास्त्रींची देणगी मानायची, तर तिचा हिशेब दोन्ही बाजूंनी मांडायला हवा.

माझ्या मते त्या काळाचे खरे श्रेय वेगवान गोलंदाजांना आणि त्यांना घडवणारे भरत अरुण यांना जाते. जानेवारी २०१८ मध्ये केपटाऊनला बुमराहला कसोटीत उतरवले आणि भारतीय संघाचे परदेशातले रूपच बदलले. जोहान्सबर्गच्या उसळत्या, धोकादायक खेळपट्टीवर आपण ६३ धावांनी जिंकलो ते वेगवान गोलंदाजांच्या बळावर. ज्या देशाने शास्त्रींसारख्या फिरकीपटूला अठराव्या वर्षी विमानात बसवले, त्या देशाने वेगवान चौकडी घेऊन परदेशात उतरणे हा मोठा पालट होता. आणि २०२१ मध्ये साउदम्प्टनच्या ढगाळ हवेत, पहिला दिवस पावसात वाहून गेल्यानंतरही दोन फिरकीपटू कायम ठेवले, तेव्हा कसोटी अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात आपण न्यूझीलंडपुढे हरलो.

माटुंगा_मैदान :

रहाणेबद्दलचा आक्षेप शंभर टक्के मान्य. धोनीच्या क्रमांकाचे समर्थन मलाही करता येणार नाही. पण भरत अरुण संघात आले ते शास्त्रींच्या आग्रहामुळेच, हेही त्याच हिशेबात जमा धरावे. आपल्याला नेमके काय येत नाही हे ओळखून त्या जागी योग्य माणूस बसवणे, हेसुद्धा प्रशिक्षकाचे कामच आहे.

ओली_खेळपट्टी :

मी क्रिकेटमधला तज्ज्ञ नाही, परंतु काही वर्षे मुंबईतल्या कांगा लीगच्या खालच्या गटात डावखुरी फिरकी टाकत असे, त्यामुळे शास्त्रींच्या फलंदाजीबद्दल एक गोष्ट सांगाविशी वाटते. भर पावसाळ्यातल्या त्या स्पर्धेत चेंडू कधी घोट्यापाशी राहतो, तर कधी छातीवर येतो. एकदा आमच्या संघाचे सलामीवीर लोकल बंद पडल्यामुळे वेळेवर पोहोचले नाहीत आणि कर्णधाराने मला पॅड बांधायला सांगितले. मी नऊ चेंडू खेळलो, एकही धाव केली नाही आणि दहाव्या चेंडूवर त्रिफळा उडाला. परंतु त्या नऊ चेंडूंत मला कळले की अशा ठिकाणी फटक्यांचा उपयोग शून्य असतो. पुढचा पाय लांब टाकायचा, बॅट पॅडला चिकटून खाली आणायची आणि हात सैल ठेवायचे, एवढेच माणसाच्या हाती उरते.

शास्त्रींच्या फलंदाजीची जुनी चित्रफीत पाहा. उंच माणूस, ताठ उभा, पुढचा पाय पार टप्प्यापर्यंत आणि बॅट पॅडला लगटून. धावा पायावरच्या चेंडूतून निघायच्या; तव्यावरची पोळी उलटावी तसा मनगटाचा एक झटका, आणि चेंडू मिडविकेटकडे. त्याला ‘चपाती शॉट’ असे नावच पडले होते. दिसायला तो फटका सुंदर नव्हता. पण याच भांडवलावर त्यांनी १९८९ मध्ये ब्रिजटाऊनला मार्शल, अँब्रोज, वॉल्श आणि बिशप यांच्यासमोर शतक केले, हे लक्षात ठेवले की प्रेक्षकांतून उठणाऱ्या ‘हाय हाय’च्या घोषणा जरा पोरकट वाटतात.

मूळ प्रश्नाचे उत्तर मला ब्रिस्बेनमध्ये दिसते. जानेवारी २०२१ ची ती कसोटी. महिनाभर आधी ॲडलेडला ३६ धावांत गुंडाळलेला संघ, कोहली मायदेशी परतलेला, निम्मे गोलंदाज जायबंदी. अशा वेळी वॉशिंग्टन सुंदर हा फिरकीपटू आपली पहिली कसोटी खेळला आणि शार्दूल ठाकूरबरोबर सातव्या गड्यासाठी १२३ धावा जोडून गेला. नंतर त्याने मुलाखतीत सांगितले, की शास्त्री ड्रेसिंग रूममध्ये स्वतःच्या पदार्पणाची हकिकत ऐकवत, दहाव्या क्रमांकाचा गोलंदाज पुढे सलामीवीर कसा झाला ते सांगत, आणि ते ऐकून त्यालाही कसोटीत सलामीला खेळावेसे वाटते. शेवटच्या दिवशी ३२८ धावांचा पाठलाग करताना याच मुलाने कमिन्सला हूक करून षटकार मारला, तेव्हा मी घरात एकटाच ओरडलो होतो.

चौथा_पंच :

सर्वांचे मनःपूर्वक आभार. स्विंग_आणि_मिस यांचे आक्षेप मला पटले, तरी माझा कौल माटुंगा_मैदान यांच्या बाजूने झुकतो. काल रात्री जेवताना वडिलांना कलकत्त्याची कसोटी आणि सहा षटकार यांच्यात फक्त पाच दिवसांचे अंतर असल्याचे मोठ्या उत्साहाने सांगितले. त्यांनी ताटावरून मान वर केली नाही. “ती कसोटी मी पाचही दिवस रेडिओला कान लावून ऐकली आहे,” ते म्हणाले, “म्हणूनच रटाळ म्हणतो.”