सेप्सिस: अँजिओपोएटिन-१ निरोगी लोकांतच जास्त का येतोय?

थिसिसग्रस्त: थिसिससाठी सेप्सिसमध्ये (जंतुसंसर्गाला शरीराने दिलेल्या बेबंद प्रतिसादात) रक्तवाहिन्यांच्या अस्तराला झालेली इजा मोजतोय. अस्तराशी निगडित रक्तातली प्रथिनं बघतोय: सिंडेकॅन-१, अँजिओपोएटिन-१ आणि २, विद्राव्य थ्रॉम्बोमॉड्युलिन, सगळं एलायझावर (अँटिबॉडी वापरून प्रथिन मोजणारी चाचणी). नमुने लाल झाकणाच्या ट्यूबमधलं सीरम, उणे ८०ला ठेवलेलं. अँजिओपोएटिन-२ पेशंटमध्ये वाढलाय, ते ठीक. पण अँजिओपोएटिन-१ कंट्रोलमध्ये भरमसाट आणि पेशंटमध्ये कमी. फरक इतका देखणा आहे की शंका येते. शिवाय सिंडेकॅनचे काही नमुने किटमधल्या सर्वांत वरच्या स्टँडर्डच्याही (ज्ञात प्रमाणाच्या नमुन्याच्या) पलीकडे गेलेत.

एलायझावाला: शंका रास्त आहे. अँजिओपोएटिन-१ प्लेटलेटमध्ये भरलेला असतो आणि ट्यूबमध्ये गुठळी होताना सीरममध्ये सांडतो. कंट्रोलच्या प्लेटलेट अडीच लाख, सेप्सिसवाल्याच्या साठ हजार. म्हणजे तुम्ही आडवळणाने प्लेटलेट काउंटच मोजलात. दोन्ही आकड्यांचा आलेख काढा, दिसेलच. अँजिओपोएटिन-२ एंडोथेलियमच्या, म्हणजे त्या अस्तराच्या पेशींमधल्या, वायबेल-पालाडे नावाच्या साठवणीच्या कणांतून सुटतो, त्यामुळे त्याला सीरमचा फटका तुलनेने कमी. पण २ भागिले १ हे गुणोत्तर या नमुन्यांवरून काढू नका.

पुढचे नमुने जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए (गुठळी रोखणारं रसायन) ट्यूबमध्ये घ्या. किटच्या कागदावर ईडीटीए चालतं का, ते आधी वाचा. तासाभरात सेंट्रिफ्यूजमध्ये २५०० जीला (गुरुत्वाकर्षणाच्या २५०० पट) १५ मिनिटं फिरवा, बफी कोटच्या (पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेटच्या थराच्या) वरचा अर्धा सेंटिमीटर प्लाझ्मा तसाच सोडून बाकीचा काढा आणि पुन्हा तेवढंच फिरवा. दुसरी फेरी टाळली की उरलेल्या प्लेटलेट गोठून-वितळून फुटतात आणि पुन्हा तीच गत. वहीत आरपीएम नको, जी लिहा. रोटर बदलला की आरपीएमला अर्थ उरत नाही. अर्धा-अर्धा मिलि वाटून ठेवा, एक कुपी एकदाच वितळवायची.

सिंडेकॅनचे पलीकडचे आकडे स्टँडर्डचा वक्र पुढे ताणून काढू नका. किटच्याच डायल्युएंटमध्ये (पातळ करायच्या द्रावणात) १:२, १:४, १:८ करून लावा. गुणून आलेले आकडे एकमेकांच्या २० टक्क्यांत बसले तर ठीक, नाहीतर नमुन्यातलंच काहीतरी आडवं येतंय.

आयसीयू_रात्रपाळी: थ्रॉम्बोमॉड्युलिन लिहिताना शेजारी क्रिएटिनिनचा रकाना हवाच. त्याचे रक्तात सुटलेले तुकडे किडनीतून जातात, किडनी बसली की अस्तराला नवी इजा नसतानाही आकडा चढतो. सिंडेकॅन मोठ्या ऑपरेशननंतर आणि ट्रॉमातही वाढतो, कारण तो ग्लायकोकॅलिक्समधून (अस्तरावरच्या शर्करायुक्त थरातून) गळून पडतो; कारण जंतूच असावं असं नाही. मायलोमाचे (प्लाझ्मा पेशींच्या कॅन्सरचे) पेशंट वगळा, प्लाझ्मा पेशींवर तोच रेणू सीडी-१३८ या नावाने असतो.

आणि पावसाळ्यात अभ्यासात पेशंट घेत असाल तर डेंग्यू आणि फाल्सिपॅरम मलेरिया आधी तपासा. डेंग्यूत विषाणूच्या एनएस-१ प्रथिनामुळे ग्लायकोकॅलिक्स झडतो, गंभीर मलेरियात अँजिओपोएटिन-२ चढतो. ताप, बीपी कमी, प्लेटलेट कमी एवढ्यावर 'सेप्सिस' म्हणून घेतलेत तर गट भेसळीचा होईल. नमुन्याची वेळ आणि तोवर गेलेलं सलाइन दोन्ही लिहा. तीन लिटर गेल्यावरचा आकडा पातळ झालेल्या रक्ताचा असतो.

थिसिसग्रस्त: पटलं. जुन्या पेशंटचा कोॲग्युलेशनसाठी घेतलेला सायट्रेट प्लाझ्मा उरलाय. ट्यूबमधल्या सायट्रेटने (गुठळी रोखणाऱ्या द्रावणाने) तो पातळ होतो, म्हणून १.१ने गुणून वापरला तर?

एलायझावाला: एकदाच फिरवून गोठवला असेल तर अँजिओपोएटिन-१ साठी तोही बाद. बाकीच्यांसाठी चालेल, पण १.१ चूक. सायट्रेट फक्त प्लाझ्मात मिसळतं, पेशींत नाही. २.७ मिलि रक्तात ०.३ मिलि सायट्रेट. हिमॅटोक्रिट (रक्तातल्या लाल पेशींचा टक्का) ४५ असेल तर प्लाझ्मा १.४८५ मिलि, म्हणजे गुणक १.२०. हिमॅटोक्रिट २५ असेल तर १.१५. सेप्सिसवाले बहुधा ॲनिमिक, कंट्रोल नाहीत. सगळ्यांना एकच गुणक लावलात तर दोन गटांत पाचेक टक्के फरक तुम्हीच तयार कराल. त्याच दिवसाच्या सीबीसीवरून प्रत्येकाचा वेगळा काढा. आणि ट्यूब खुणेपर्यंत भरली नसेल तर तो नमुना सोडून द्या.