जैतापूरचा अणुप्रकल्प आता तरी व्हावा का?

सड्यावरचा
२०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात २०४७ पर्यंत १०० गिगावॉट अणुविजेचं लक्ष्य आलं. आज देशाची क्षमता नऊच्या आसपास. म्हणजे जैतापूर प्रकल्पाचा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या माडबनच्या सड्यावर (कातळी पठारावर) व्हायच्या प्रत्येकी १,६५० मेगावॉटच्या सहा फ्रेंच अणुभट्ट्यांचा विषय पुन्हा निघणारच. माझ्या मते प्रकल्प व्हावा. तारापूरचं अणुवीज केंद्र १९६९ पासून कोकणपट्टीतच चालू आहे. जपानच्या फुकुशिमा अपघातातही चालू भट्ट्या भूकंप होताच बंद झाल्या होत्या; त्सुनामीत डिझेल जनरेटर बुडाले, त्यामुळे आतली उरलेली उष्णता काढता आली नाही. माडबनचा सडा समुद्रापासून चांगला उंच आहे. अणुवीज नको म्हणणाऱ्यांना कोळशाचा धूर चालतो का?

नाटे_बंदर
सडा उंच आहे, पण थंडाव्याचं पाणी समुद्रातूनच घेणार ना? ते पंप खालीच असणार. आणि आमची पहिली भीती स्फोटाची नाही. भट्टीतल्या उष्णतेपैकी जेमतेम एक तृतीयांशाची वीज होते, बाकीची पाण्यात जाते. ९,९०० मेगावॉट वीज काढायची तर त्याच्या दीडपटीहून जास्त उष्णता दर्यात सोडावी लागेल, तीही आमच्या साखरी नाटे गावाच्या होड्या जिथे जाळी टाकतात तिथेच. जमीनवाल्याकडे सातबारा असतो. मच्छीमाराचं नुकसान कशावरून मोजणार? एप्रिल २०११ च्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात नाट्याचा एक मच्छीमार गेला, हेही इथे कुणी विसरलेलं नाही.

सड्यावरचा
तो गोळीबार चुकीचाच होता. पण गरम पाणी खोल समुद्रात नेऊन सोडता येतं, तापमानवाढीवर मर्यादा घालता येते.

राजापूरची_लेक
खर्चाचं कुणीच बोलत नाही. याच बनावटीची फ्रान्समधली फ्लामांव्हिलची भट्टी २००७ ला बांधायला घेतली आणि वीज जोडली गेली डिसेंबर २०२४ मध्ये. खर्च ३.३ अब्ज युरोंवरून १३ अब्जांवर गेला. फिनलंडची २००५ ला बांधायला घेतलेली भट्टी २०२३ मध्ये नियमित चालू झाली. उलट गुजरातमधल्या काक्रापारला आपल्याच बनावटीच्या ७०० मेगावॉटच्या दोन भट्ट्या चालू आहेत. (उशीर त्यांनाही झाला, पण तंत्र आपल्या हातात आहे.) मी अणुविजेच्या बाजूची आहे, या सौद्याच्या नाही.

नाटे_बंदर
भट्टी देशी आणली तरी समुद्र तोच. आधी दोन-तीन हंगाम बांगडा, कोळंबी किती मिळते त्याची मोजणी मच्छीमार सोसायट्यांना सोबत घेऊन करा, आकडे गावात लावा.

सड्यावरचा
मोजणी जरूर व्हावी. पण तिची मुदत आधी ठरवा, नाहीतर हंगामामागून हंगाम जातील आणि निर्णय काही होणार नाही.