‘डेंटल कव्हर आहे’ म्हणजे नेमकं काय?

वर एकांनी लिहिलंय की इंग्लंडमधल्या त्यांच्या कुत्र्याच्या विमा पॉलिसीत डेंटल कव्हर (दातांच्या खर्चाचं संरक्षण) आहे, म्हणजे त्याच्या दातांच्या सफाईचे पैसे मिळतीलच. सहसा नाही मिळत हो. स्केलिंग-पॉलिशिंग ही नेहमीची निगा धरतात, तो खर्च आपल्याच खिशातून.

अपघात आणि आजार ही दोन वेगळी कव्हरं असतात. स्वस्त पॉलिसीत बरेचदा पहिलंच मिळतं. कुठेतरी आपटून दात तुटला तर क्लेम करता येतो. हिरड्या खराब होऊन दात काढायची वेळ आली तर तो आजार. यॉर्की, डॅशहंड अशा छोट्या जातींत खरा खर्च तिथेच होतो. पूर्ण भूल, एक्स-रे, मग दात काढणं. आ करून गप बसायला ही मंडळी थोडीच तयार होणार!

आजाराचं कव्हर घेतलं तरी एक अट हमखास नडते: वर्षातून एकदा व्हेटकडून, म्हणजे प्राण्यांच्या डॉक्टरकडून, दात तपासून घ्यायचे आणि त्यांनी सुचवलेले उपचार मुदतीत स्वखर्चाने करायचे. क्लेमच्या वेळी कंपनी जुने केसपेपर मागवते. त्यात ‘टार्टर (दातांवरचा कडक थर) वाढलंय, सफाई सुचवली’ अशी एक ओळ असली आणि तुम्ही ती सफाई टाळली असली, तर क्लेम बहुधा गेलाच. पॉलिसी घेण्याआधीची ओळ असेल तर ‘आधीपासूनचा आजार’ म्हणूनही हात वर करतात. म्हणून कंपनी बदलायच्या आधी व्हेटकडून ते कागद मागवून स्वतः वाचा.